पेरोव्स्काइट एलईडी: वीज न वाहणारा पातळ थर घातला तर उजेड का वाढतो?

प्रश्न थोडक्यात असा: "मी कोल्हापुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी हिरवा पेरोव्स्काइट एलईडी करतेय. रचना अशी: काच, आयटीओ (पारदर्शक वाहक), पेडॉट-पीएसएस (धन बाजूचा वाहक पॉलिमर), सीझियम लेड ब्रोमाइड (उजेड देणारं पेरोव्स्काइट), टीपीबीआय (इलेक्ट्रॉन वाहून आणणारा थर), लिथियम फ्लोराइड, अ‍ॅल्युमिनियम. काचेवरची फिल्म यूव्ही दिव्याखाली छान हिरवी चमकते. पण एलईडीला व्होल्टेज दिलं की करंट भरपूर जातो आणि उजेड जेमतेम पडतो. शोधनिबंधांत मध्येच पीएमएमएसारखा (अॅक्रिलिक प्लास्टिकचा) काही नॅनोमीटरचा थर घालतात. पीएमएमए तर निरोधक. मग उजेड वाढतो कसा? तो थर नेमका कुठे घालायचा? आणि पुढे निळ्या एलईडीलाही तोच चालेल का?"

तुमच्या प्रश्नातच निम्मं निदान आहे. जी फिल्म काचेवर चमकते आणि एलईडीत मंद पडते, तिचं पेरोव्स्काइट मुळात वाईट नसतं. ती ज्या थरावर बसली आणि तिच्यावर जो थर बसला, त्या दोन ठिकाणी काहीतरी बिनसलेलं असतं. पातळ थरांच्या कामात वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: पेरोव्स्काइट एलईडीत हरवणारा बहुतेक उजेड फिल्मच्या पोटात हरवत नाही, तिच्या खालच्या आणि वरच्या अंगाला हरवतो. म्हणून "कुठला थर घालू?" हा प्रश्न नंतरचा. आधी "कुठलं अंग गळतंय?" हे शोधायला हवं.

याचा साधा हिशेब मांडून पाहू. फिल्म ५० नॅनोमीटर जाड धरा. लेड हॅलाइड पेरोव्स्काइटमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) संपण्याआधी शेकडो नॅनोमीटर, चांगल्या फिल्ममध्ये मायक्रोमीटरभरसुद्धा फिरतात. सौरघटांत हा पदार्थ एवढा गाजला त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे. एलईडीत मात्र तोच गुण अडचणीचा होतो. इतकं फिरू शकणारा इलेक्ट्रॉन ५० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये होलला भेटण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवर पुन्हा पुन्हा जाऊन आदळतो. तिथे सापळे असतील तर अडकतो आणि त्याची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता होऊन जाते.

पृष्ठभाग किती वाईट हे सांगायला पृष्ठीय पुनर्संयोग वेग नावाची राशी वापरतात. दोन्ही पृष्ठभाग सारखे धरले, तर पृष्ठभागावर संपायला लागणारा काळ म्हणजे फिल्मची जाडी भागिले त्या वेगाची दुप्पट. ५० नॅनोमीटर म्हणजे सेंटिमीटरचा दोन लाखावा भाग. वेग सेकंदाला १००० सेंटिमीटर असेल तर हा काळ २.५ नॅनोसेकंद येतो. वेग १० सेंटिमीटरवर आणला तर २५० नॅनोसेकंद. आता प्रकाश देणाऱ्या मिलनाला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असं हिशेबापुरतं धरा. पहिल्या फिल्ममध्ये शंभर जोड्यांपैकी दोन-तीन प्रकाश देतील, दुसऱ्या फिल्ममध्ये सत्तरच्या पुढे. पेरोव्स्काइट तेच, जाडी तीच, करंटही तोच. बदलले ते फक्त दोन पृष्ठभाग. जाड सौरघटात पृष्ठभागाचा दोष बराचसा खपून जातो, एलईडीच्या पातळ फिल्ममध्ये तो खपत नाही.

आता तुमच्या रचनेकडे येतो. माझा पहिला संशय पेडॉट-पीएसएसवर आहे.

हा थर पाण्यातून सहज बसतो, स्वस्त आहे, आयटीओचा खडबडीतपणा झाकतो. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत सुरुवात त्यानेच होते. पण त्याच्या द्रावणाचा पीएच साधारण १ ते २ असतो. एवढं आम्ल आयटीओला हळूहळू खातं आणि इंडियम सुटून वर सरकतं. हा थर ओलावाही शोषतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेडॉट हा चांगला वाहक आहे, आणि वाहकाला चिकटलेल्या पेरोव्स्काइटचा उजेड विझतो. तिसरी अडचण ऊर्जापातळीची. पेडॉट-पीएसएसचं कार्यफलन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) साधारण ५.० ते ५.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि ब्रोमाइड पेरोव्स्काइटची संयुजा पट्टी (होल जिथून फिरतात ती ऊर्जापातळी) ५.६ ते ५.९ च्या आसपास. म्हणजे होलला आत शिरायला साधारण अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टची किंवा त्याहून मोठी पायरी चढावी लागते. वरच्या बाजूला टीपीबीआयमधून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला मात्र उतारच मिळतो. परिणामी फिल्ममध्ये इलेक्ट्रॉन जास्त आणि होल कमी. जास्तीचे इलेक्ट्रॉन होलची वाट पाहत थांबत नाहीत, सरळ पेडॉटमध्ये निघून जातात, कारण पेडॉट त्यांना अडवतच नाही. करंट भरपूर आणि उजेड जेमतेम, हे तुमचं लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं.

पण असंच लक्षण दुसऱ्या एका कारणानेही दिसतं: फिल्ममधली छिद्रं. सीझियम लेड ब्रोमाइडची स्पिन केलेली फिल्म बऱ्याचदा सलग नसते. छिद्रातून टीपीबीआय थेट पेडॉटला टेकतो आणि करंट पेरोव्स्काइटला वळसा घालून जातो. दोन्हींतला फरक ओळखायचा सोपा मार्ग आहे. २ व्होल्टच्या खाली, म्हणजे उजेड सुरू होण्याआधीचा करंट नीट मोजा, आणि उलट दिशेनेही मोजा. करंट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत असेल आणि दोन्ही दिशांना जवळपास सारखा असेल, तर छिद्रं आहेत. उलट दिशेला करंट नगण्य, सुलट दिशेला उजेडाच्या आधीच झपाट्याने चढणारा, असं असेल तर इलेक्ट्रॉन-होलचं प्रमाण बिघडलंय. हे मोजमाप तुमच्याकडे असलेल्या सोर्समीटरवर तासाभरात होतं. ते केल्याशिवाय कुठलाही नवा थर घालू नका, नाहीतर उजेड वाढला तरी तो कशाने वाढला हे कळणार नाही.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. निरोधक थर एलईडीत चालतो कसा?

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी: तुमच्या रचनेत एक कट्टर निरोधक आधीपासूनच आहे. लिथियम फ्लोराइडचा बँडगॅप (वीज वाहायला इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) १३ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून मोठा आहे. घन पदार्थांमधल्या सर्वांत मोठ्या बँडगॅपांपैकी तो एक. तरीही अ‍ॅल्युमिनियमखाली त्याचा नॅनोमीटरभर थर घातला की इलेक्ट्रॉन आत येणं सोपं होतं. कोडॅकच्या संशोधकांनी १९९७ मध्ये सेंद्रिय एलईडीत हे दाखवलं आणि तेव्हापासून तो थर रूढ झाला. एवढ्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन टनेलिंगने (अडथळ्यावरून न चढता त्याच्या आरपार) पार होतात, आणि धातूच्या पृष्ठभागाची ऊर्जापातळी सोयीच्या बाजूला सरकते, हा मोठा फायदा. तोच थर ५ नॅनोमीटर केला तर मात्र व्होल्टेज वाढतं आणि उजेड घसरतो. आदर्श अडथळ्यात जाडी एका नॅनोमीटरने वाढली की टनेलिंग हजारो ते लाखो पटींनी कमी होतं. त्यामुळे या थरांच्या बाबतीत पदार्थाइतकाच जाडीचा आकडा महत्त्वाचा असतो. शोधनिबंधात थराचं नाव वाचून थांबू नका, जाडी वाचा.

पीएमएमएचं काम यापेक्षा वेगळं आहे. २०१८ मध्ये चीनमधल्या हुआछियाओ विद्यापीठाच्या गटाने हिरव्या पेरोव्स्काइट एलईडीची कार्यक्षमता २०.३ टक्क्यांवर नेली. त्यांनी पेरोव्स्काइट आणि इलेक्ट्रॉन वाहून आणणारा थर यांच्यामध्ये पीएमएमएचा अतिपातळ थर घातला होता. हेतू होता इलेक्ट्रॉन सावकाश येऊ द्यायचे. आपल्याकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती बरगे घातले यावर खाली किती पाणी सुटणार हे ठरतं, तसंच इथे पीएमएमएच्या जाडीवर किती इलेक्ट्रॉन सुटणार हे ठरतं. होल मुळातच कमी येत असतील तर इलेक्ट्रॉनही तेवढेच सोडायचे. एकूण करंट घटतो, पण आलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला जोडीदार मिळतो. निरोधक थराने उजेड वाढतो तो असा. एलईडीची बाह्य क्वांटम कार्यक्षमता म्हणजे आत गेलेल्या शंभर इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडलेले फोटॉन किती. त्यामुळे वाया जाणारा करंट अडवला तरी हा आकडा चढतो.

त्याच थराने आणखी दोन कामं होतात. एक, तो छिद्रांत उतरून बसतो आणि वरखालच्या थरांची थेट गाठ टाळतो. दोन, पीएमएमएच्या साखळीवरचे कार्बोनिल गट पृष्ठभागावरच्या उघड्या लेड आयनांना धरतात. ब्रोमाइड निघून गेल्यामुळे उघडं पडलेलं लेड हा या पदार्थातला नेहमीचा सापळा. ऑक्सिजनमधली इलेक्ट्रॉनची जोडी त्याला मिळाली की तो बराचसा निष्प्रभ होतो. थोडक्यात, एकाच थराने प्रमाण सुधारतं, गळती थांबते आणि दोषही झाकले जातात. इथे मला बऱ्याच शोधनिबंधांविषयी स्पष्ट बोलायचंय. कार्यक्षमता वाढली की "दोष निष्प्रभ झाले" असं लिहून मोकळं व्हायची सवय पडली आहे. तीन कामांपैकी नेमकं कुठलं झालं हे वेगळं करून दाखवलं नसेल, तर तो दावा अर्धाच समजावा. तुमच्या प्रकल्प-अहवालात हे वेगळं करून दाखवलंत तर आकडा लहान असला तरी काम मोलाचं ठरेल.

मात्र तुमच्या बाबतीत पीएमएमए हा दुसरा उपाय आहे. खालच्या अंगाला होल शिरत नाहीत, इलेक्ट्रॉन पळून जातात आणि उजेड विझतो. तिन्ही गोष्टी तिथेच घडत असताना वरच्या बाजूने इलेक्ट्रॉन कमी करणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे. आधी खालचं अंग नीट करा.

त्यासाठी तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता पेडॉट ठेवून त्याचा वरचा पृष्ठभाग बदलायचा. पेडॉट-पीएसएसच्या द्रावणात फ्लोरिनयुक्त आयनोमर (आयन-गट असलेला पॉलिमर) मिसळला, तर फिल्म वाळताना तो आपणहून वर येतो, कारण फ्लोरिनयुक्त साखळ्यांची पृष्ठीय ऊर्जा कमी असते. वरच्या काही नॅनोमीटरमध्ये कार्यफलन खोल जातं, होलची पायरी लहान होते, आणि पेरोव्स्काइट वाहक पेडॉटपासून वेगळं पडतं. दक्षिण कोरियातल्या गटाने २०१५ मध्ये ८.५३ टक्के कार्यक्षमता गाठली ती अशा थरावर. त्याच्या आदल्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने खोलीच्या तापमानाला चालणारे पेरोव्स्काइट एलईडी दाखवले होते. तेव्हा अवरक्त एलईडीची कार्यक्षमता ०.७६ टक्के होती आणि हिरव्याची ०.१ टक्का. एका वर्षात एवढी उडी पडली त्याचं सगळं श्रेय मी त्या थराला देणार नाही. त्याच कामात स्फटिकांचा आकार नॅनोमीटरच्या पातळीवर आणला होता आणि मिथाइलअमोनियम ब्रोमाइड थोडं जास्त घालून धातुरूप लेड तयार होणं रोखलं होतं. पण थराशिवाय ती उडी पडली नसती.

दुसरा रस्ता पीव्हीके, म्हणजे होल वाहणारा एक पॉलिमर. तुमच्यासाठी मी हाच सुचवेन. त्याची होलची पातळी ५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे, म्हणजे ब्रोमाइड पेरोव्स्काइटच्या शेजारीच. इलेक्ट्रॉनची पातळी खूप वर असल्यामुळे पळणारे इलेक्ट्रॉन तिथे अडतात. पेडॉटवर पीव्हीकेचा पातळ थर क्लोरोबेन्झीनमधून बसवता येतो. यात अडचण एकच: पीव्हीके जलविरोधी आहे. सीझियम ब्रोमाइड डीएमएफ या द्रावकात नीट विरघळत नाही म्हणून तुमची शाई (पेरोव्स्काइटचं द्रावण) डीएमएसओ या द्रावकातली असणार, आणि ती पीव्हीकेवर पसरतच नाही. थेंब गोळा होतो, फिल्मला छिद्रं पडतात, आणि माणूस पीव्हीकेला दोष देऊन मोकळा होतो. यावर उपाय म्हणून मध्ये पीव्हीपी या पॉलिमरचा काही नॅनोमीटरचा थर घालतात. पीव्हीपीही निरोधकच. २०१७ च्या एका गाजलेल्या कामात उलट्या रचनेत, म्हणजे इलेक्ट्रॉन खालून येत असताना, झिंक ऑक्साइड आणि पेरोव्स्काइट यांच्यामध्ये पीव्हीपी घालून कार्यक्षमता १०.४ टक्के आणि तेजस्विता चौरस मीटरला ९१,००० कँडेला मिळाली. तिथे त्याचं मुख्य काम फिल्म सपाट आणि सलग करण्याचं होतं. लक्षात घ्या, हा थर काम करतो तो फिल्म तयार होण्याच्या क्षणी: स्फटिकांची बीजं कुठे आणि किती दाट धरतील हे तो ठरवतो. एलईडी चालू झाल्यावर त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते, त्याने फक्त वाट अडवू नये.

तिसरा रस्ता एका रेणूच्या जाडीचे थर. कार्बाझोलला फॉस्फोनिक आम्लाचा गट जोडलेले रेणू आयटीओच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने धरतात आणि साधारण एक नॅनोमीटरचा सलग थर आपणहून उभा राहतो. सौरघटांत हे फार गाजले. पेडॉटचं आम्ल आणि ओलावा दोन्ही जातात, रेणूचा द्विध्रुव आयटीओचं कार्यफलन हवं तसं सरकवतो. पण आयटीओ अगदी स्वच्छ हवं: यूव्ही-ओझोन नीट झालं पाहिजे, आणि बसवल्यावर जास्तीचे रेणू इथेनॉलने धुऊन काढले पाहिजेत. एवढा पातळ थर जिथे फाटका राहील तिथे आयटीओ उघडं पडून उजेड विझेल. पीव्हीके चुका पोटात घालतो, हा थर घालत नाही. पहिल्याच प्रकल्पाला मी तो सुचवणार नाही.

कोल्हापुरात तुम्हाला आणखी एक सोय आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात रासायनिक पद्धतींनी पातळ थर करण्याची जुनी परंपरा आहे: स्प्रे पायरोलिसिस, केमिकल बाथ, सिलार (काच आळीपाळीने द्रावणांत बुडवून थर वाढवायची पद्धत). सिलारमध्ये एकेका आवर्तनाने जाडी वाढते, त्यामुळे काही नॅनोमीटरचा ऑक्साइड थर महागड्या यंत्राशिवायही जमण्यासारखा आहे. मात्र या पद्धती पाण्यातल्या किंवा गरम काचेवरच्या, म्हणून फक्त पेरोव्स्काइटच्या खाली चालतील. वर वापरल्या तर फिल्म त्याच क्षणी जाईल. आणि ऑक्साइडचा पृष्ठभाग उघडा ठेवू नका. उघडं झिंक ऑक्साइड मिथाइलअमोनियममधला प्रोटॉन ओढून घेतं आणि पेरोव्स्काइट मोडतं. तुमचं पेरोव्स्काइट सीझियमचं असल्याने हा धोका कमी आहे, पण शाईत मिथाइलअमोनियम ब्रोमाइड घालणार असाल तर तो आलाच. म्हणूनच झिंक ऑक्साइडवर पीईआय नावाच्या अमाइनयुक्त पॉलिमरचा पातळ थर चढवतात: ऑक्साइड झाकलं जातं, कार्यफलन खाली येऊन इलेक्ट्रॉन सहज शिरतात, आणि फिल्मही सलग येते.

आता वरचं अंग. इथे सगळ्यांत पहिला नियम द्रावकाचा. पेरोव्स्काइट बसल्यावर पाणी, अल्कोहोल, डीएमएसओ, डीएमएफ काहीही चालत नाही. क्लोरोबेन्झीन, टोल्युइन चालतात. पीएमएमए क्लोरोबेन्झीनमध्ये मिलिलिटरला अर्धा ते दोन मिलिग्रॅम एवढं पातळ करा आणि वेगाने फिरवा. जाडी काही नॅनोमीटरच्या घरात येते. जाडी मोजायला तेच द्रावण सिलिकॉनवर फिरवून एलिप्सोमीटरवर (प्रकाशाने जाडी मोजणाऱ्या यंत्रावर) पाहा, पेरोव्स्काइटवर मोजायचा खटाटोप नको. आणि प्रत्येक वेळी एक नमुना असा ठेवा की ज्यावर पीएमएमएशिवाय नुसतं क्लोरोबेन्झीन फिरवलंय. नुसत्या द्रावकानेही पृष्ठभाग धुतला जाऊन उजेड बदलतो. हा नमुना नसेल तर परीक्षकांनी विचारल्यावर उत्तर नसतं.

दोन्ही अंगांची किंमत किती हे बघायचं असेल तर २०२० मधलं एक काम मला फार आवडतं. पेरोव्स्काइट क्वांटम डॉटच्या (काही नॅनोमीटरच्या स्फटिककणांच्या) फिल्मला वर आणि खाली, दोन्हीकडे फॉस्फिन ऑक्साइड गट असलेल्या रेणूचा पातळ थर बाष्पीभवनाने दिला. फिल्मचं प्रकाश देण्याचं प्रमाण ४३ वरून ७९ टक्क्यांवर गेलं, एलईडीची कार्यक्षमता ७.७ वरून १८.७ टक्क्यांवर, आणि उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ ०.८ तासावरून १५.८ तासांवर. डॉट तेच होते. आधी मांडलेल्या हिशेबाचा हा प्रयोगातला ताळा म्हणता येईल.

आयुष्य का वाढलं तेही पाहण्यासारखं आहे. एलईडीवर ३ व्होल्ट आणि सगळ्या थरांची मिळून जाडी १०० नॅनोमीटर धरली, तर विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला ३ लाख व्होल्ट होतं. एवढ्या क्षेत्रात ब्रोमाइड आयन जागचे हलतात. रिकाम्या जागांच्या आधाराने सरकत ते वरच्या थरांत घुसतात, अ‍ॅल्युमिनियमपर्यंत पोचले की त्याच्याशी अभिक्रिया करतात, आणि मागे आणखी उघडं लेड सोडून जातात. पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागा भरणारा थर आयनांची ही वाटही बंद करतो. म्हणून कार्यक्षमता आणि टिकाऊपणा इथे बहुधा बरोबरच सुधारतात. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने याच्या पुढे जाऊन प्रत्येक नॅनोकणाभोवतीच फॉस्फोनिक आम्लाचं कवच तयार केलं: कार्यक्षमता २८.९ टक्के, तेजस्विता चौरस मीटरला ४,७०,००० कँडेलाच्या घरात, आणि १०० कँडेलाच्या तेजस्वितेला अंदाजे अर्धायुष्य ३०,००० तासांहून अधिक. मूळ विचार तोच, फक्त पृष्ठभाग फिल्मचा न धरता कणाचा धरला.

प्रकाश बाहेर काढण्याच्या बाबतीत या थरांकडून फार अपेक्षा ठेवू नका. पेरोव्स्काइटचा अपवर्तनांक दोनच्या पुढे आणि काचेचा दीड. बराच प्रकाश आतच अडकतो. दोन-पाच नॅनोमीटरच्या थराने त्यात फरक पडत नाही. तो विषय टीपीबीआयच्या जाडीचा आणि काचेच्या पृष्ठभागाचा आहे.

प्रत्यक्ष काम या क्रमाने करा. आधी एकाच शाईतून एकाच दिवशी पेरोव्स्काइट चार प्रकारच्या काचांवर बसवा: नुसती काच, पेडॉट, पेडॉटवर पीव्हीके, पेडॉटवर पीव्हीके आणि पीव्हीपी. प्रत्येकाचं फोटोल्युमिनेसन्स (प्रकाश टाकल्यावर फिल्म देते तो उजेड) आणि शोषण दोन्ही मोजा. शोषण का, तर पेडॉटवर उजेड कमी दिसला याचा अर्थ नेहमी विझला असा नसतो. कधी फिल्मच पातळ बसलेली असते. शोषण सारखं असून उजेड कमी असेल तरच पृष्ठभाग दोषी. शक्य असेल तर फिल्म सलग आहे का ते एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) बघा. उजेडाचा क्षयकाळ मोजायची सोय नसेल तरी एवढ्यावर खालच्या अंगाचा निकाल लागतो. त्यानंतर फक्त होल वाहणारा आणि फक्त इलेक्ट्रॉन वाहणारा असे दोन एकवाहक नमुने करून करंट ताडून बघा. इलेक्ट्रॉनचा करंट कितीतरी पट मोठा निघाला, तर आणि तरच वर पीएमएमए घाला, आणि दोन करंट जवळ येईपर्यंत जाडी वाढवत न्या.

पावसाळ्याचं भान ठेवा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा इतकी ओली असते की ग्लव्हबॉक्सबाहेर बसवलेल्या फिल्मचे आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. पेडॉटच्या काचा तापवून झाल्यावर थंड होईपर्यंत बाहेर ठेवू नका, गरम असतानाच ग्लव्हबॉक्सच्या अँटीचेंबरमध्ये घ्या. तुलनेचे सगळे नमुने एकाच खेपेत करा. आणि लेडचं उरलेलं द्रावण, पुसलेले टिश्यू, वाया गेलेल्या काचा हे सगळं वेगळ्या बाटलीत, वेगळ्या पिशवीत साठवून विभागाच्या घातक कचऱ्यात द्या. बेसिनमध्ये ओतलेलं शेवटी पंचगंगेत जातं.

निळ्याबद्दल: तोच थर तसाच उचलून चालणार नाही. निळ्यासाठी ब्रोमाइडमध्ये क्लोराइड मिसळलं की संयुजा पट्टी आणखी खोल जाते, म्हणजे होलची पायरी वाढते, आणि हिरव्याला पुरणारा पीव्हीकेही तिथे थोडा उथळ पडतो. क्लोराइडची क्षारं डीएमएसओत कमी विरघळतात, त्यामुळे फिल्ममध्ये छिद्रं आणि दोष जास्त. शिवाय व्होल्टेजखाली ब्रोमाइड आणि क्लोराइड वेगळे होऊ लागतात आणि रंग हिरव्याकडे सरकतो. म्हणून निळ्यात वरच्या अंगाला आयन रोखणारा, लेडला घट्ट धरणारा फॉस्फिन ऑक्साइडसारखा रेणू आधी लागेल, आणि पीएमएमएची गरज आहे की नाही हे एकवाहक नमुने पुन्हा नव्याने करूनच ठरवावं लागेल. हिरव्याचे दोन एकवाहक नमुने झाले की त्यांचे करंट-व्होल्टेजचे आलेख इथेच टाका, पुढची जाडी कुठून सुरू करायची ते त्यावरून सांगतो.